रकाना सात

ओमदुरमानच्या एका बंद शाळेत, सहावीच्या वर्गात
तीन चुली आहेत आणि एक लॅपटॉप.
चुलींवर मसूर शिजतो.
लॅपटॉपमध्ये अकराशे चौदा माणसं
ओळीनं उभी असतात, रिकामी भांडी घेऊन.

मी तैसीर. लढाईआधी टेलिफोन कंपनीत
लोकांचे विसरलेले पासवर्ड परत मिळवून द्यायचे.
आईचं नाव काय, एवढंच विचारायचं,
आणि माणूस तोच आहे हे ठरायचं.
आता नाक्यावरची पोरं तोच प्रश्न विचारतात,
बंदूक मांडीवर आडवी ठेवून,
आणि उत्तराच्या उच्चारावरून
माणूस कोणाचा ते ठरवतात.

फॉर्म लांबून आला होता. सभ्य, निळ्या कडांचा.
नाव, गल्ली, खाणारी तोंडं, त्यांतली दूधपिती किती.
सातवा रकाना: जमात.
रिकामा सोडला तर पुढचं पान उघडेना,
लाल होऊन बसायचा
मानपानावरून रुसलेल्या व्याह्यासारखा.
इकडे डाळ संपत आलेली.
मी भरला.
हे आधीच सांगून टाकते, मीच भरला,
अकराशे चौदा वेळा,
प्रत्येकाला विचारून, नीट, एकही चूक न करता.

अबकर गाढवाच्या गाडीवरून पाणी पोचवायचा.
त्याच्या फोनमध्ये आमच्या यादीचं एक पान होतं,
दारं सापडावीत म्हणून.
पुलावर त्यांनी फोन मागितला. अनलॉक कर म्हणाले.
अंगठा त्याचाच होता,
पण धरला दुसऱ्यानं होता.

चौथ्या दिवशी पहाटे
ते सुतारगल्लीत आले आणि चारच दारं वाजवली.
मधली दारं नुसती ओलांडून गेले,
पोस्टमन जातो तसे.
मी लॅपटॉप उघडून बघितलं.
ओळ दोनशे बारा. दोनशे तेरा.
दोनशे एकोणीस.
दोनशे तीस ही हज्जा बतूल,
जी मेलेल्या नवऱ्याच्या नावानं एक पळी जास्त घ्यायची
आणि मला ते माहीत होतं
आणि मी तोंडं दोन असंच लिहिलं होतं.

रात्री बॅटरीत एकोणीस टक्के.
सगळा रकाना एका टिचकीत निळा झाला,
दुसऱ्या टिचकीत गेला.
जोर लागत नाही. काचेवरची माशी हाकलावी तेवढाच.
मग आठवत बसले की तो अजून कुठे कुठे आहे:
ईमेलमध्ये, त्या ईमेलच्या उत्तरात,
लांबच्या त्या कचेरीत, तिच्या कुठल्याशा ढगात,
अबकरच्या फोनमध्ये, जो आता कोणाच्या खिशात आहे कुणास ठाऊक.
आमटीत पडलेलं मीठ
बोटांनी वेचून काढता येत नाही.

चहाच्या टपरीवर सॅटेलाइटचं नेट मिळतं, तासाला पैसे मोजून.
पत्र आलं होतं.
आपली माहिती आमच्याकडे पूर्णपणे सुरक्षित आहे.
ताज्या अहवालात सातवा रकाना आढळला नाही.
कृपया शुक्रवारपर्यंत.

तास संपायला बारा मिनिटं होती.
मी लिहिलं: शुक्रवारी पाचशे साठ पळ्या वाढल्या.
पुन्हा वाचलं. आणखी काही लिहावंसं वाटलं,
अंगठ्याबद्दल काहीतरी.
नाही लिहिलं. टपरीवालीला पैसे दिले.

आता मी नावं विचारत नाही. भांडी ओळखते.
पोचा आलेलं पातेलं, पाच जण.
निळ्या झाकणाचा डबा, बाळंतीण.
तुपाचा पत्र्याचा डबा, कान नसलेला: तो म्हातारा सतार दुरुस्त करणारा नव्हे,
त्याच्या शेजारचा.
हे कुठेच लिहिलेलं नाही. मला ताप आला
तर किती घरं उपाशी राहतील याचा हिशेब मी केला आहे,
तोही लिहिलेला नाही.

आज रांगेत एक मुलगा होता, नऊ-दहा वर्षांचा, अनोळखी.
हातात तारेच्या मुठीची कढई.
ती मूठ मीच वळून दिली होती, हज्जा बतूलला, गेल्या थंडीत.
मुलानं वर बघितलं आणि नाव सांगायला तोंड उघडलं.

मी ओठांवर बोट ठेवलं.
पहिली पळी घातली.
मग आणखी एक.